ना नवी, ना व्हिंटेज

पिंपरीत टेल्कोच्या आवारात १९९५ साली मर्सिडीजची ई-क्लास जुळायला लागली, तेव्हा जर्मनीत याच मॉडेलची निरोपाची तयारी चालली होती. डब्ल्यू १२४ या सांकेतिक नावाची ही गाडी तिकडे १९८४च्या अखेरीस आलेली. १९९५मध्ये गोल दिव्यांची पुढची पिढी बाजारात उतरली. आपल्याकडची कोरी करकरीत गाडी तिकडे निवृत्तीला टेकलेली होती. जाणकारांनी नाकं मुरडली. पण तीस वर्षांनी मागे पाहताना वाटतं, झालं ते पथ्यावरच पडलं. जगभर पंचवीस लाखांवर बनलेल्या या गाडीच्या खोडी तोवर फिटर लोकांना पाठ झाल्या होत्या.

पहिले मालक कारखानदार, बिल्डर वगैरे. ते मागे बसायचे आणि खोडी ड्रायव्हरच्या वाट्याला यायच्या. दहा-पंधरा वर्षांत गाड्या तिसऱ्या-चौथ्या हाती गेल्या, हौसेने स्वतः चालवणाऱ्यांकडे आल्या, आणि खरी ओळख तिथून सुरू झाली.

सगळ्यात आधी वायपर. एवढ्या मोठ्या काचेला एकच! तो नुसता अर्धवर्तुळ काढत नाही. कोपऱ्याकडे जाताना पुढे लांबतो, मधे आला की आखडतो, आणि काचेचा सुमारे ८६ टक्के भाग पुसतो. ताम्हिणीच्या पावसात शेजारी बसलेला पाहुणा रस्ता सोडून त्याच्याकडेच बघत बसतो. ही सगळी कसरत बुडाशी असलेल्या गिअरच्या जिवावर चालते. त्यातलं ग्रीस वाळलं की वायपर रेंगाळतो, कुरकुरतो. त्यामुळे मृगाच्या आत तो खोलून ग्रीस भरून घेणं हे शहाण्या मालकाचं वार्षिक कर्तव्य.

सेंट्रल लॉकिंग हवेवर चालतं. किल्ली फिरवली की कुठेतरी मागे पंप घुमतो आणि बाकीची दारं क्षणभर विचार करून मग बंद होतात. दारातला रबरी पडदा चिरला की हवा गळते, पंप नको तितका वेळ घुंईं करत राहतो, आणि मालक पार्किंगमध्ये दाराला कान लावून उभा. वॉचमनला आता त्याचं काही वाटत नाही.

काचांची बटणं दारावर नाहीत, मधल्या कन्सोलवर आहेत. नवखे पाहुणे दार चाचपत राहतात. बॉनेटवरचा तारा चोरांचा लाडका, म्हणून गर्दीच्या ठिकाणी जाताना काहीजण तो काढून खिशात टाकतात.

एक दुखणं मात्र गमतीचं नाही. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या काही इंजिनांच्या वायरिंगला पर्यावरणस्नेही, विघटनशील आवरण होतं. इंजिनाच्या धगीने ते बिस्किटासारखं चुरतं. मग गाडी कधी थरथरते, कधी मधेच बंद पडते. अशी गाडी घेताना चकाकणाऱ्या रंगाआधी बॉनेट उघडून हे बघावं. यावर अख्खी वायरिंग बदलणं हाच उपाय.

२०१०पासून या गाड्यांची पहिली पंधरा वर्षं संपत गेली आणि आरटीओच्या वाऱ्या सुरू झाल्या. दर पाच वर्षांनी पासिंग, वर पर्यावरण कर. नोंदणी नूतनीकरणाचं सहाशे रुपये असलेलं शुल्क एप्रिल २०२२मध्ये पाच हजार झालं. दिल्लीकर मालकांचे हाल तर विचारूच नका. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार. इकडे पंपावर वीस टक्के इथेनॉल आलं, तसे जुन्या रबरी नळ्या तपासून घेणारेही वाढले.

२०२१च्या नियमांनी व्हिंटेज गाड्यांना वेगळी नोंदणी दिली खरी, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची झालेली हवी. म्हणजे पिंपरीच्या पहिल्या गाड्यांना तो मान २०४५ साली. आणि मान मिळाला तरी त्या नियमांत गाडी रोज वापरायची मुभा नाही. रोज ऑफिसला, मंडईत न्यायची असेल तर मधली ही अवघड वर्षंच बरी, असं माझं मत आहे.