सुशीचा सरंजाम

सुशी म्हणजे कच्ची मासळी, ही समजूत जपानबाहेर इतकी दृढ झाली आहे की, घरी सुशी करावयाचे मनात आले म्हणजे हौशी माणूस प्रथम लांब पात्याच्या सुरीची किंमत विचारतो, मग मासळीची चौकशी करतो, आणि भाताची बाब, जणू ती आपसूक निकालात निघणार असावी अशा थाटात, अखेरीस हाती घेतो. वस्तुतः सुशीचे सुशीपण शिरका मुरलेल्या भातात आहे. मासळी नसली तर अंडे, काकडी किंवा भोपळ्याच्या वाळवलेल्या फिती यांवर खुशाल भागते. भात बिघडला तर मात्र काहीच भागत नाही.

इतिहास पाहिला तर भात या प्रकरणात शिरला तो खाद्य म्हणून नव्हेच. शिगा प्रांतातील बिवा सरोवराकाठी आजही होणाऱ्या फुनाझुशीत खारवलेली मासळी भातात दाबून वर्षभर वा त्याहून अधिक काळ आंबवतात, आणि मासळी टिकवण्याचे काम पार पाडलेला तो भात बहुधा खरवडून टाकतात. आंबण्याची ही दीर्घ प्रतीक्षा शिरक्याने संपवली. १८०४ साली हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन या साके गाळणाऱ्या गृहस्थाने साकेच्या चोथ्यापासून शिरका करण्याचा उद्योग आरंभला. तो शिरका जलमार्गाने एदोस, म्हणजे आजच्या तोक्योस, जाऊ लागला, आणि हानाया योहेई याच्या नावाशी निगडित असलेली हातावर वळण्याची निगिरी सुशी त्याच नगरात १८२०च्या सुमारास रूढ झाली. पुढे १९४७ साली अन्नटंचाईमुळे सरकारी हुकुमाने उपाहारगृहे बंद पडली, तेव्हा सुशीवाल्यांनी अशी तजवीज केली की गिऱ्हाइकाने घरून एक गो, म्हणजे १८० मिलिलिटर, तांदूळ आणावा आणि वळणावळ देऊन दहा नग न्यावेत. कायद्याच्या दृष्टीने ते अन्नविक्रेते राहिले नाहीत, केवळ कारागीर ठरले. कायद्याची ही पळवाट मला मोठी चतुर वाटते.

निगिरी ही अशी कारागिराची मिरासदारी असल्यामुळे जपानी गृहिणी सहसा तिच्या वाटेला जात नाही. तीन मार्चच्या बाहुल्यांच्या सणाला ती भातावर जिन्नस पसरून चिराशी करते, तळलेल्या तोफूच्या पिशव्यांत भात भरून इनारी करते, किंवा समुद्रशेवाळाच्या नोरीत भात गुंडाळते. तिचा सरंजाम त्या बेताचा असतो.

त्यातले मुख्य पात्र म्हणजे हांगिरी: सावारा नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या फळ्या तांब्याच्या पट्ट्यांनी आवळून केलेले उथळ, रुंद लाकडी भांडे. ते आधी पाण्याने भिजवून पुसावे लागते. कोरडे राहिले तर लाकूडच शिरका पिऊन टाकते आणि शिते तळाला चिकटतात. नित्यापेक्षा किंचित कमी पाण्यात शिजवलेला भात वाफाळता असतानाच त्यात ओततात, साखर-मीठ विरघळवलेला शिरका लाकडी भातवाढीवरून सर्वत्र शिंपतात, आणि भातवाढी आडवी धरून, कापल्यासारखी चालवीत, शिते न मोडता भात उलटापालटा करतात. तीन गो तांदळास सुमारे ८० मिलिलिटर शिरका पुरतो. शिरका मुरताच पंख्याने वारा घालतात. त्याने वरचा ओलावा उडून शितांवर तकाकी चढते. जास्तीचे पाणी लाकूड शोषते, आणि हे काम धातूच्या परातीला साधत नाही. त्यातून परात पितळेची व कल्हई उडालेली असेल तर आंबट भात कळकणारच. आपल्याकडची जुनी काथवट माळ्यावर असल्यास तिला खाली उतरवण्यास हरकत नाही. हांगिरी धुऊन सावलीत वाळवावी, कारण उन्हात फळ्या आकसतात आणि पट्टे निसटतात. तयार भात ओल्या फडक्याखाली कोमट ठेवावा; फ्रीजमध्ये तो टणक होतो. तांदूळ आखूड दाण्याचा, चिकट हवा. बासमती येथे निरुपयोगी आहे, इंद्रायणीवर मात्र काम चालते.

गुंडाळण्यासाठी लागते ती माकिसू, म्हणजे बांबूच्या काड्या सुताने ओवलेली लहानशी चटई. तिची सपाट, सालीची बाजू वर आणि नोरीची खरखरीत बाजू वर, हा दस्तूर. पलीकडच्या कडेला दोन सेंटिमीटर नोरी मोकळी सोडली म्हणजे गुंडाळी नीट मिटते. ही नोरी आज मुबलक मिळते, तिचे श्रेय कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश विदुषीकडे जाते. शिंपल्यांत वाढणारे एक गुलाबी शेवाळ स्वतंत्र जातीचे नसून नोरीवर्गीय वनस्पतीचीच एक अवस्था आहे, हे तिने १९४९ साली दाखवले, आणि तोवर दैवाधीन असलेली जपानची नोरीशेती त्या ज्ञानावर उभी राहिली. ती जपानला कधी गेली नाही. तिचे स्मारक मात्र १९६३ पासून कुमामोतो प्रांतातील उतो येथे आहे.

आता सुरी. साकाई नगरीच्या एकाच बाजूस धार असलेल्या यानागिबा सुऱ्यांची कीर्ती यथार्थच आहे, परंतु ती धार दगडावर राखणे हा स्वतंत्र व्यासंग आहे. घरगुती गुंडाळी कापण्यास कोणतीही पातळ, तीक्ष्ण सुरी पुरते; प्रत्येक कापानंतर ती ओल्या फडक्याने पुसावी, एवढेच.

कच्च्या मासळीविषयी मात्र सवलत देता येत नाही. अ‍ॅनिसाकिस नावाचा परोपजीवी कृमी शिरक्याने, मिठाने वा वासाबीने मरत नाही. जपानचे आरोग्य खाते त्यासाठी उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवणे किंवा ७० अंशांपर्यंत शिजवणे आवश्यक मानते, आणि जंतू तर गोठवूनही मरत नाहीत. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा ते तापमान अखंड राखील याची हमी नसते. तेव्हा बाजारातली मासळी कच्ची वापरू नये. शिजवलेली कोळंबी, अंडे आणि काकडी घ्यावी, आणि सुरीसाठी काढून ठेवलेले पैसे तांदूळ, शिरका व नोरी यांवर खर्चावेत.