हिरडीतलं रक्त आणि हृदय

मैत्रिणींनो, हिरडीतून रक्त आलं की आपल्या केदारखेड्यात बाया मिसरी आणखी घासतात. ठणका दबतो, आजार वाढतो. तंबाखू तर हृदयालाही सोडत नाही. सुजलेल्या हिरडीतले जंतू रक्तात उतरतात, रक्तवाहिन्यांनाही त्रास होतो. २००७ साली लंडनच्या संशोधकांनी हिरडीचा गंभीर आजार असलेल्या १२० जणांवरचा अभ्यास छापला. ज्यांचं कीटण खोलवर काढलं, त्यांच्या रक्तवाहिन्या सहा महिन्यांनी जास्त चांगलं काम करत होत्या. कीटण काढल्यानं दात हलतात, असं गटाच्या बैठकीत आम्ही नेहमी ऐकतो. अहो, ते कीटणानं आधीच ढिले झालेले असतात! मात्र या उपचारानं झटका टळतोच, हे सिद्ध झालेलं नाही. बीपीची गोळी चालूच ठेवायची. आणि जिची हृदयाची झडप बदललेली आहे, तिनं दात काढण्याआधी डॉक्टरांना तसं सांगायचंच. आधी औषध घ्यावं लागतं.