हाडाचे बाण आणि आपले गैरसमज

‘दगड मिळाला नाही, की आदिमानव हाडाकडे वळायचा’ हा फार पक्का बसलेला समज आहे. श्रीलंकेच्या नैर्ऋत्येकडील फा-हियान गुहेने तो मोडीत काढला. तिथे गारगोटीची बारीक अवजारे आहेतच, शिवाय हाडाची सुमारे 130 टोकेही मिळाली. त्यांतली सर्वांत जुनी 48 हजार वर्षांपूर्वीची आहेत. दगड हाताशी असतानाही तिथल्या शिकाऱ्यांनी हाड निवडले होते.

त्याला कारण होते. गारगोटीची धार तीक्ष्ण, पण ती ठिसूळ असते. हाड चिवट असते, घासून त्याला बारीक, निमुळते टोक आणता येते. इथली शिकार म्हणजे दाट पावसाळी जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून पळणारी माकडे, वानरे आणि शेकरू. गुहेत सापडलेल्या प्राण्यांच्या हाडांत बहुतांश याच प्राण्यांची आहेत. शिकार करून आणलेल्या माकडांच्याच हाडांपासून पुढची अवजारे घडत, ही काटकसर मला विलक्षण वाटते.

‘पण ही टोके फुंकनळीतून उडवत असतील, धनुष्य एवढे जुने कसे असेल?’ 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमके हेच तपासले गेले. फुंकनळीच्या मानाने ही टोके जड आणि आखूड भरली. काहींवर बारीक काडीला बांधल्याच्या खुणा होत्या, तर काही वेगाने आदळून तडकलेली होती. लाकूड आणि दोरी केव्हाच कुजून गेली, त्यामुळे धनुष्य प्रत्यक्ष सापडलेले नाही. तरी या खुणांवरून संशोधकांनी धनुष्यबाणाचा निष्कर्ष काढला, आणि मला तो पटतो. पुढच्या काळात टोकांची लांबी वाढत गेली. रानडुक्कर, हरीण अशी मोठी शिकार वाढल्याचे ते लक्षण मानले जाते.

हाडाने मोठे जनावर पडत नाही, असेही अनेकांना वाटते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मॅनिस येथे मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या प्राण्याच्या बरगडीत रुतलेले हाडाचे टोक सापडले. मायकेल वॉटर्स यांच्या चमूने 2011 साली ते सुमारे 13,800 वर्षांपूर्वीचे, भाल्याचे टोक असल्याचे मांडले. तेही मॅस्टोडॉनच्याच हाडाचे होते.

मात्र प्रत्येक टोकदार हाड शस्त्र नसते. कातडे टोचायच्या आरीचे टोक वापराने गुळगुळीत होते, आदळलेल्या बाणाचे चिरफळते. भिंगाखाली हा फरक दिसतो. फा-हियानमध्येही बाणांसोबत कातडे आणि वनस्पतींचे तंतू हाताळायची हाडाची अवजारे निघाली आहेत.