नाळेवरचा आकडा

जुनी लाकडी कनू बघायला आलेला जाणकार रंगावर जात नाही. तो खाली बसतो, टोकाशी आत वाकतो आणि नाळेच्या लाकडावरचा धूळ-वॉर्निशचा थर पुसू लागतो. अमेरिकेतल्या मेन राज्यातील ओल्ड टाऊन कनू कंपनी दोन्ही नाळांवर आतून अनुक्रमांक ठोकत असे. पुढे फुटांत लांबी.

पेनॉब्स्कॉट नदीकाठच्या ओल्ड टाऊन या गावात 1898च्या सुमारास ग्रे यांच्या हार्डवेअर दुकानामागे हे काम सुरू झाले. जवळच्याच बेटावर पेनॉब्स्कॉट या मूलनिवासी लोकांची वस्ती. कनूची घडण मुळात त्यांची, भूर्जसालीची. कारखान्याने सालीच्या जागी कॅनव्हास ताणला आणि पेनॉब्स्कॉट माणसांना कामावरही घेतले. सुरुवातीला कंपनीच्या नावात ‘इंडियन’ शब्दही मिरवला. पुढे तो गळला.

कारखान्यात प्रत्येक कनूच्या अनुक्रमांकाचे एक कार्ड. नमुना कोणता (चार्ल्स रिव्हर, ओट्का), दर्जा कोणता, फळ्या आणि फासळ्या कोणत्या लाकडाच्या, काठ स्प्रूसचे की महोगनीचे, तळाला कणा आहे की नाही, रंग कोणता. मग तारखा, आणि खरी गंमत तिथे आहे. वाफेवर मऊ केलेल्या सीडरच्या फासळ्या साच्यावर वाकवायच्या, त्यांवर पातळ फळ्या बारीक चुकांनी ठोकायच्या. साच्यावरच्या लोखंडी पट्ट्यांवर आपटून चुकांची टोके आपोआप आत वळत. हे काम भराभर उरके. कॅनव्हास चढल्यावर मात्र घाई चालत नसे. त्याच्या विणीत भरलेला जवसाच्या तेलाचा लेप वाळायला आठवडे लागत. लेपाची तारीख आणि रंगाची तारीख यांत भले मोठे अंतर दिसले, तर कारकुनाची चूक समजू नये.

शेवटी माल कधी, कुठे रवाना झाला याची नोंद. इथे उत्साही मालकाचा हिरमोड होतो, कारण बऱ्याचदा तिथे पणजोबांऐवजी एखाद्या दुकानदाराचे नाव निघते. शंभर वर्षांची म्हणून मिरवलेली कनू 1950च्या दशकातली निघते, तीही याच कार्डामुळे. घरच्या आठवणी आणि कार्ड यांत भांडण झाले, तर मी कार्डाच्या बाजूने. अर्थात डोळे मिटून नव्हे: तोच आकडा दुसऱ्या कारखान्याच्या कनूवरही असू शकतो. ओल्ड टाऊनने 1910 मध्ये विकत घेतलेल्या कार्लटन कंपनीच्या कनूंनाही क्रमांक होते. म्हणून लांबी, लाकूड, बैठका कार्डाशी ताडून बघाव्या लागतात.

ही कार्डे ठेवली गेली ती धंद्याच्या सोयीसाठी. इतिहास कुणाच्या मनात नव्हता. पुढे लाकडी कनूंच्या हौशी मंडळींच्या संघटनेने अशा 2 लाखांहून अधिक नोंदींच्या प्रतिमा संगणकावर उतरवल्या. आता नव्याने कॅनव्हास चढवणाऱ्याला कारखान्यातून निघतानाचा रंग कळतो. काही कार्डांवर खाली आणखी एक तारीख असते, बरीच वर्षे उलटल्यानंतरची: कनू दुरुस्तीसाठी कारखान्यात परत आली होती.