‘रेनी डे’ला किती पाऊस लागतो?

हवामानाची इंग्रजी विशेषणं घडवायला सोपी. रेन, क्लाउड, विंड, फॉग ही नामं. शेवटी ‘ई’ लावला की रेनी, क्लाउडी, विंडी, फॉगी. हीटचं मात्र हॉट होतं, आणि कोल्ड नामही असतं नि विशेषणही. शाळेत एवढं पाठ केलं की भागतं. हवामान खात्यात भागत नाही. तिथे यातल्या बऱ्याच शब्दांना आकडा चिकटलेला असतो.

चार सरी पडून अंगण ओलं झालं की आपण दिवस पावसाळी ठरवून मोकळे होतो. खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत निदान 2.5 मिलिमीटर पाऊस झाला तरच तो ‘रेनी डे’. ‘हेवी’ लागतं 64.5 मिलिमीटरपासून, ‘व्हेरी हेवी’ 115.6 पासून. बातम्यांमध्ये आपण या सगळ्याला सरसकट ‘मुसळधार’ म्हणतो.

खरी गंमत उन्हाळ्यात. छत्तीसगडमधल्या भिलाईचं उदाहरण घ्या. तिथला अंदाज रायपूरच्या हवामान केंद्रातून येतो, आणि ते केंद्र नागपूरच्या प्रादेशिक केंद्राच्या अखत्यारीत. म्हणजे या बाबतीत विदर्भ आणि छत्तीसगडचं घर एकच. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की दोन्हीकडे नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. भिलाई साधारण 21.2 उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. अशा दिवसाला ‘हॉट’ म्हणायला कुणाला विचारावं लागत नाही.

‘हीटवेव्ह’चं तसं नाही. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश हवं, शिवाय ते सरासरीहून निदान 4.5 अंशांनी जास्त हवं. नाहीतर पारा थेट 45 ला भिडायला हवा. वर ही स्थिती हवामान उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस टिकली पाहिजे. समजा, मेअखेरची सरासरी 42 आहे. मग 44 ला रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं तरी लाट नाही. एप्रिलमध्ये सरासरी 37 असताना 42 झाले, तर मात्र लाटेचा निकष पूर्ण. ‘हॉट’ हे विशेषण हवा कशी आहे ते सांगतं. ‘हीटवेव्ह’ हे नाम ती नेहमीपेक्षा किती बिघडली ते सांगतं. शास्त्र म्हणून नियम चोख आहे, पण उन्हात विटा वाहणाऱ्याच्या अंगाला सरासरी कळत नाही.

रात्रीचा शब्द तर फसवाच. दिवसा 40 च्या वर आणि रात्रीचं किमान सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी चढं, अशा जीवघेण्या रात्रीचं नाव काय, तर ‘वॉर्म नाइट’! थंड देशात हा शब्द सुखाचा असेल.

छत्तीसगडीत गरम वाऱ्याला ‘झांझ’ म्हणतात आणि तळपाय भाजणाऱ्या जमिनीला ‘भोंभरा’. हा भोंभरा बातमीतल्या पाऱ्यात कधी दिसत नाही, कारण वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंच, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो.