एएम४ : नवा प्रोसेसर, जुना बोर्ड

दुबलगुंडी हे बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातले गाव. इथल्या गेमवेड्या पोराला संगणकाचा नवा प्रोसेसर हवा असेल, तर त्याला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडते. हुमनाबाद पुणे-हैदराबाद महामार्गावरच आहे आणि सिकंदराबादचे चेनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे सगळ्यांचे ‘सीटीसी’, सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. १९५६ पर्यंत बीदर हैदराबाद राज्यातच होते. राज्य बदलले, खरेदीची वाट फारशी बदलली नाही. नाहीतर मग ऑनलाइन पार्सल. दोन्हीकडे अडचण एकच : प्रोसेसर घरी येतो, दुकानदार येत नाही. बसवल्यावर गेम आधीपेक्षा जास्त अटकू लागला, तर निदान स्वतःलाच करावे लागते.

हा अनुभव ज्या सॉकेटवर हमखास येतो, तो एएमडी कंपनीचा एएम४. सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवण्याची जागा. २०१६ मध्ये आलेल्या आणि मार्च २०१७ मध्ये पहिल्या रायझन प्रोसेसरबरोबर घरोघरी पोचलेल्या या सॉकेटला १३३१ छिद्रे आहेत. पिना असतात प्रोसेसरच्या पोटाला. २०२० पर्यंत तो चालवण्याचे कंपनीचे आश्वासन होते. प्रत्यक्षात २०२२ मध्ये एएम५ आल्यावरही, अगदी २०२४ मध्येसुद्धा, एएम४ साठी नवे प्रोसेसर निघाले. त्यामुळे २०१८ च्या चार कोअरच्या रायझन ३ २२००जी च्या जागी २०२२ चा सहा कोअरचा रायझन ५ ५६०० बसतो, तेही बोर्ड न बदलता. मध्यमवर्गीय खिशासाठी यासारखे वरदान नाही. मात्र बोर्ड, रॅम, वीजपुरवठा, कूलर सगळे जुनेच राहते आणि खोड तिथेच निघते.

पहिली गाठ बायोसशी. बोर्डाच्या चिपमधली ही मूळ आज्ञावली जुनी असेल, तर नवा प्रोसेसर ओळखलाच जात नाही. कित्येक जुन्या बोर्डांवरची बायोसची चिप अवघी १६ एमबीची. सगळ्या पिढ्यांची माहिती तिच्यात मावेना, म्हणून काही बोर्डांनी नव्यांना घेताना जुन्यांना वगळले. ए३२० आणि बी३५० बोर्डांना रायझन ५००० मालिकेची अधिकृत वाट २०२२ मध्ये मोकळी झाली. बायोस जुना प्रोसेसर असतानाच अद्ययावत करावा आणि त्या वेळी यूपीएस जोडलेला असावा. मध्येच वीज गेली, तर बोर्ड मुका होण्याची भीती असते.

संगणक सुरू होतो, गेमही लागतो, पण मध्येच क्षणभर चित्र थिजते आणि आवाज चिरकतो. हे दुखणे एएमडीने मार्च २०२२ मध्ये जाहीरपणे मान्य केले होते. प्रोसेसरमधली, संगणकाच्या सुरक्षेसाठी असलेली एफटीपीएम ही सोय अधूनमधून बायोसच्या चिपशी बोलायला जाई आणि तेवढ्यात सगळे खोळंबे. नव्या बायोसने ते मिटले. जुन्या बायोसवर अजून कुणी असेल, तर उपाय फुकट आहे.

दुसरी गाठ रॅमची, आणि सर्वांत जास्त वेग इथेच सांडतो. प्रोसेसर बदलला की बोर्डाच्या सेटिंग अनेकदा मूळपदावर जातात. मग ३२०० लिहिलेली रॅम निमूटपणे २१३३ किंवा २४०० वर चालते. रायझनमध्ये आतल्या भागांना जोडणारा मार्ग रॅमच्या तालावर चालतो : ३२०० ला १६०० मेगाहर्ट्झ, २१३३ ला जेमतेम १०६६. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा डीओसीपी ही रॅमला लिहिलेल्या वेगावर नेणारी सेटिंग चालू केली की हा ताल परत येतो. चार खाचांच्या बोर्डात दोन पट्ट्या असतील, तर त्या प्रोसेसरपासून मोजून बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लागतात. एकच पट्टी असेल, तर रॅमचा निम्मा रस्ता बंदच.

एक चूक याहून साधी आहे. २२००जी च्या पोटात स्वतःचे ग्राफिक्स होते, ५६०० मध्ये नाही. मॉनिटरची वायर मदरबोर्डलाच राहिली, तर पडदा काळा राहतो आणि प्रोसेसर खराब निघाला असे वाटते. ५६००जी घेतला असेल, तर उलटे होते : पडदा उजळतो, गेमही चालतो, पण वेगळे ग्राफिक्स कार्ड रिकामे बसते आणि सगळा भार पोटातल्या लहान ग्राफिक्सवर पडतो. वायर कार्डाला लावली की काम झाले.

तिसरी गाठ उष्णतेची. बीदर-कलबुर्गी पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २१ अंशांच्या वातानुकूलित खोलीत जो प्रोसेसर ७० अंशांवर थांबतो, तोच ४० अंशांच्या खोलीत साधारण ८९ वर पोचतो. ५६०० ची मर्यादा ९० अंश. गेमसाठी ९६ एमबी कॅश घेऊन एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ५८००एक्स३डी चीही तेवढीच. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. सुरुवातीला गेम झकास आणि काही मिनिटांनी अटकू लागतो, ही त्याची खूण. काळ्या मातीची धूळ पंख्यात बसली असेल, तर हे लवकर घडते. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी पेस्ट पुसून नवी लावावी. पण एएम४ वरचा कूलर सरळ ओढला, तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपसून येऊ शकतो आणि पिना वाकू शकतात. म्हणून मशीन थोडे तापवून, बंद करून, कूलर हलका पिळत काढावा. स्वस्त बोर्डावर अनेकदा वीज नियंत्रित करणाऱ्या भागांवर उष्णताशोषक पट्ट्या नसतात. आठ कोअरचा प्रोसेसर तिथे घुसमटतो.

इतके करूनही फ्रेम वाढत नसतील, तर गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर बघावा. एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट साधन तो पडद्यावरच दाखवते. कार्ड सतत ९७ ते ९९ टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर निर्दोष आहे. कार्डच कमी पडते. कार्ड साठ टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि मॉनिटरच्या वेगाला गेम बांधलेला नसेल, तर दोष प्रोसेसर, रॅम किंवा उष्णतेत शोधावा. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटसारख्या खेळांत नव्या प्रोसेसरचा फरक ठळक दिसतो. जड चित्रांच्या खेळांत तो कार्डाआड लपतो.

एएम४ बोर्ड ज्याच्याकडे आहे, त्याने तो मोडीत काढण्याची घाई करू नये. एका वेळी एकच गोष्ट बदला, त्याच गेमच्या त्याच प्रसंगात आधीचे आणि नंतरचे फ्रेम लिहून ठेवा, आणि फुकटचे उपाय संपेपर्यंत नव्या भागासाठी पैसे काढू नका.