आळशी उच्चार कोणाचे?

१९९७ साली हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाणार म्हणून त्याआधीच अनेक कुटुंबं कॅनडात, टोरांटोला गेली. त्यांची मुलं घरी कँटोनीज आणि बाहेर इंग्रजी बोलत वाढली. त्यांचे उच्चार वेगळे वाटले की "इंग्रजीने जीभ बिघडवली" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण खरंच तसं आहे का?

कँटोनीजमध्ये 'तू' म्हणजे 'नेय'. ही मुलं सर्रास 'लेय' म्हणतात. आता बघा, इंग्रजीत 'न' आणि 'ल' दोन्ही आहेत, मग इंग्रजीचा दोष कसा? हा बदल मुळात हाँगकाँगमध्येच झालाय. तिथेही बहुतेक जण 'लेय'च म्हणतात आणि तिथले शुद्धतावादी त्याला 'आळशी उच्चार' म्हणून नावं ठेवतात! मुलांनी फक्त घरी ऐकलं तेच उचललं.

'मी' म्हणजे 'ङॉ' (होय, आपल्या 'वाङ्मय'मधला ङ!). त्याचा नुसता 'ऑ' होतो. इथे मात्र पेच आहे. इंग्रजी शब्द 'ङ'ने सुरू होत नाही हे खरं, पण हाँगकाँगमध्येही हा 'ङ' गळतोच. मग कोणाच्या माथी मारणार?

तिसरा नमुना स्वरांचा. ओठांचा चंबू 'ऊ'सारखा ठेवून 'ई' म्हणून बघा. हा स्वर कँटोनीजमध्ये आहे, इंग्रजीत नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्यामुळे मला यातलं मोजमाप फार आवडलं. ध्वनीच्या स्पेक्ट्रममधला दुसरा फॉर्मंट या स्वरात वर असतो, 'ऊ'मध्ये खाली. टोरांटो विद्यापीठात नेओमी नॅगी यांच्या प्रकल्पातली रेकॉर्डिंग होल्मन त्से यांनी अशी मोजली. टोरांटोत वाढलेल्या काही जणांत हे दोन स्वर एकमेकांत मिसळताना दिसले, हाँगकाँगच्या लोकांत नाही. इथे इंग्रजीवर संशय घ्यायला जागा आहे.

थोडक्यात काय, तर मूळ गावाच्या बोलीशी ताडून पाहिल्याशिवाय 'बिघडलं' म्हणू नये. लॅबमध्ये कंट्रोल सॅम्पल लागतं ना, तसंच हे.

आणि हो, होस्टेलवर कोणी 'पाणी'ला 'पानी' म्हणालं की आपण लगेच हसतो. पण वऱ्हाडात 'पानी' हाच घरचा उच्चार आहे. त्याची जीभ आळशी नाही, तो आजीसारखं बोलतोय, इतकंच!